पहिल्यांदा क्रूझवर जाताय आणि बोट लागायची भीती वाटतेय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातून आत्तापर्यंत तीन वेळा क्रूझ झाली, दोनदा मुंबईहून आणि एकदा ताईकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा अलास्काची. दर वेळी नातेवाइकांचे, ऑफिसातल्यांचे, आईच्या भजनी मंडळातल्या काकूंचे तेच प्रश्न येतात, बोट लागली का, उलट्या झाल्या का, गोळी कुठली घेतलीत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते आमच्या फॅमिली डॉक्टरांनी समजावलेलं आणि औषधांच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे, तरी तुमचं वय, बीपी, शुगर, चालू औषधं हे सगळं बघून तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बोट लागते म्हणजे नक्की होतं काय?

बिघाड पोटात नसतो, सगळी गडबड कानात आणि डोक्यात होते. कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, तोल सांभाळणारा एक छोटासा भाग असतो, त्यात पाणी भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात, शरीर हललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते. आता तुम्ही केबिनमध्ये बसून मोबाईल बघताय, डोळे सांगतायत की सगळं स्थिर आहे, समोरची भिंत जागची हलत नाहीये, आणि कान सांगतोय की आपण वर चाललोय, खाली चाललोय, डावीकडे कलतोय. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, मेंदू गोंधळतो आणि मग तोंडाला पाणी सुटतं, जांभया येतात, कपाळावर गार घाम येतो, पोटात डचमळायला लागतं. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली अशा संथ हेलकाव्याने सगळ्यात जास्त मळमळतं, भराभर बसणाऱ्या धक्क्यांनी तेवढं नाही. ज्यांच्या कानातला हा तोलाचा भागच काम करत नाही त्यांना बोट लागत नाही, यावरूनच कळतं की मूळ कुठे आहे.

म्हणून कोणी "मन घट्ट कर, काही होत नाही" असं म्हणालं तर ऐकू नका प्लीज. इंग्लंडचा ॲडमिरल नेल्सन, आख्खं आयुष्य नौदलात काढलेला माणूस, त्यालाही बोट लागायची. चार्ल्स डार्विन १८३१ च्या डिसेंबरमध्ये बीगल जहाजावर चढला तो १८३६ मध्ये परतला आणि शेवटपर्यंत त्याची बोट लागायची काही थांबली नाही, मनुका तेवढ्या पोटात टिकायच्या. लागली म्हणून लाज वाटून घेण्यासारखं यात काहीच नाही.

मला गाडी लागत नाही, मग बोट लागेल का?

लागू शकते. कशेडी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागायची शक्यता जास्त हे खरं, पण उलट धरून चालू नका. माझे बाबा एसटीच्या शेवटच्या बाकड्यावर बसून पेपर वाचत कोल्हापूरला जाणारे, त्यांनाही क्रूझवर पहिल्या रात्री कसंसंच झालं होतं. आणि अजून एक, जो स्वतः गाडी चालवतो त्याला सहसा गाडी लागत नाही कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसत असतं, त्यामुळे "मी एवढी वर्षं घाटात गाडी चालवतो" या अनुभवाचा बोटीवर काही उपयोग नाही, तिथे तुम्ही प्रवासीच.

जास्त त्रास कोणाला होतो तर अंदाजे दोन ते बारा वर्षांची मुलं, पुरुषांपेक्षा बायकांना, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात, आणि ज्यांना मायग्रेनचा त्रास आहे त्यांना. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना क्वचितच लागते. उतारवयात सहसा कमी होत जाते, पण चक्कर किंवा व्हर्टिगोचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी हे गृहीत धरू नये.

शंका असेल तर तिकीट काढायच्या आधी एकदा गेटवेहून मांडव्याला जाऊन या, तासाभराचा प्रवास आहे. छोटी बोट मोठ्या क्रूझपेक्षा जास्तच हलते, त्यामुळे तिथे निभावलं तर बऱ्यापैकी निर्धास्त राहा. तिथे त्रास झाला म्हणून क्रूझ रद्द करू नका, फक्त तयारी जरा जास्त करा.

मोठं जहाज हलतं तरी का? जाहिरातीत तर काहीच हलताना दिसत नाही.

हलतं, पण हळू. मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डाव्या-उजव्या बाजूला होणारं डोलणं बरंच कमी करतात. पण समोरून लाट आली की नाक वर आणि शेपूट खाली असं जे होतं त्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. म्हणूनच केबिन कोणती घ्यायची हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

केबिन कुठली घ्यावी?

जहाजाच्या मधोमध आणि शक्यतो खालच्या डेकवर. एसटीत मागच्या बाकड्यावर बसलं की खड्ड्यात कसे उडतो आणि मधल्या सीटवर तेवढं काही जाणवत नाही, तसंच अगदी. टोकाची केबिन, मग ती पुढची असो की मागची, सगळ्यात जास्त वर-खाली होते, आणि जेवढे वरच्या मजल्यावर जाल तेवढं डोलणं जास्त. गंमत अशी की जास्त पैसे मोजून घेतलेल्या बाल्कनीच्या केबिन बहुतेक वरच असतात. ज्यांना त्रास व्हायची शक्यता आहे त्यांनी माझ्या मते मधली, खालची आणि खिडकीवाली केबिन घ्यावी, खिडकीतून क्षितिज दिसत राहिलं की डोळ्यांचं आणि कानाचं भांडण कमी होतं. बिनखिडकीची घेतलीत तरी चालेल, झोपायला तर जायचंय, फक्त दिवसा तिथे बसून राहू नका.

बुकिंग करताना एजंटला "मिडशिप पाहिजे" एवढं सांगून सोडून देऊ नका, डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागून घ्या आणि केबिनचा नंबर स्वतः बघा. शो होतात ते थिएटर बऱ्याच जहाजांवर अगदी पुढच्या टोकाला असतं, तिथे बसल्यावर जास्त हलल्यासारखं वाटलं तर शो अर्धवट सोडून मध्ये येऊन बसा, शो दुसऱ्या दिवशीही असतो.

कोणत्या महिन्यात जावं?

आपल्या अरबी समुद्रासाठी सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत. मार्चपासून दुपारनंतर वायव्येकडून वारं सुटतं आणि संध्याकाळी पाणी जरा चाळवल्यासारखं होतं. जून ते सप्टेंबर हा खवळलेला समुद्र, राज्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गेटवे-मांडवा लाकडी लाँचही पावसाळ्यात बंद असतात, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या बाहेर काढतात. पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं ज्या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्या दिवसांत पहिलीवहिली क्रूझ करायचा हट्ट आपण कशाला करायचा?

वादळांचे दोन मोसम लक्षात ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते, डिसेंबर २०१७ मध्ये ओखी. वादळ असेल तर कंपनी जहाज सोडत नाही किंवा मार्ग बदलते, पण लांबून गेलेल्या वादळाच्याही लाटा दोन दिवस येत राहतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज रोज देते, निघायच्या आदल्या दिवशी तो बघा, लाटा मीटर-दीड मीटरच्या असतील तर मोठ्या जहाजावर फारसं काही जाणवत नाही, अडीच-तीनच्या पुढे असतील तर गोळी नक्की घ्या.

गोळी कुठली आणि कधी घ्यायची?

कधी घ्यायची हे आधी सांगते, कारण सगळे तिथेच चुकतात, आम्हीही चुकलो. गोळी बोट लागायच्या आधी घ्यायची. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी नुसती पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते.

दुसऱ्या वेळी आम्ही मे महिन्यात मुंबई-गोवा-लक्षद्वीप केलं. पहिले दोन दिवस समुद्र अगदी तळ्यासारखा, म्हणून आई म्हणाली मला काही होत नाहीये, उगाच कशाला गोळ्या खायच्या, आणि मीही हो म्हटलं. परतीच्या रात्री नऊच्या सुमाराला कपाटातले हँगर एकमेकांवर टक टक आपटायला लागले, खिडकीचा पडदा हळूच भिंतीपासून हातभर सुटायचा आणि परत भिंतीला टेकायचा. आई त्या पडद्याकडेच बघत बसली होती. दहा मिनिटांत चेहरा पांढराफटक पडला, मी घाईघाईने गोळी दिली आणि ती पाण्यासकट तशीच बाहेर आली. पुढचे चार तास तिने जे काढले ते आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण जेवणाआधी एक गोळी दिली असती तर बहुतेक काही झालंच नसतं.

आता कुठली ते. आपल्याकडे दोन जास्त चालतात. एक म्हणजे प्रोमेथाझिन, ॲव्होमिन नावाने मिळते ती. लांबच्या प्रवासाला ही आदल्या रात्री झोपताना सुरू करतात, छोट्या प्रवासाला तास-दोन तास आधी. झोप येते हिने, चांगलीच येते. दुसरी सिनॅरिझिन, स्टुजेरॉन नावाने मिळते, ही निघायच्या दोन तास आधी, हिने पेंग तुलनेने कमी येते. म्हणजे जहाज संध्याकाळी सुटणार असेल तर बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईच्या क्रूझच्या धक्क्यावर, चेक-इनच्या रांगेत असतानाच घेऊन टाकायची, जहाज सुटल्यावर फोटो काढून झाल्यावर नाही.

दोन्ही गोळ्यांबरोबर दारू अजिबात नको, गुंगी दुप्पट होते आणि हलत्या जिन्यावर पडायची भीती. काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. पार्किन्सन असलेल्यांनी सिनॅरिझिन टाळायची असते. आणि गोळी एकदा घरी असताना घेऊन बघा, रविवारी, म्हणजे आपल्याला किती झोप येते ते कळतं, बोटीवर पहिल्यांदा कळायला नको.

समुद्रात काही तासांनी मोबाईलची रेंज जाते, तेव्हा "लागलं तर डॉक्टरांना फोन करू" हे चालत नाही. कुठली गोळी, किती वाजता, दिवसातून जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या पाऊचमध्येच ठेवा.

घरात उलटीची गोळी आहेच की, ती नाही का चालणार?

हा खूप जण विचारतात. ऑनडॅनसेट्रॉन किंवा डोमपेरिडोन या पोट बिघडल्यावर, तापात वगैरे होणाऱ्या उलट्यांवर छान चालतात, पण बोट लागू नये म्हणून त्यांचा विशेष उपयोग होत नाही, कारण कानाकडून सुरू होणाऱ्या या गोंधळावर त्या काम करत नाहीत. ॲसिडिटीच्या गोळ्यांचंही तेच. बॅगेत असू देत, पण यांच्या भरवशावर राहू नका.

कानामागे लावायची पट्टी असते म्हणतात, ती काय आहे?

स्कोपोलामिनचा पॅच. नाण्याएवढी गोल पट्टी, कानाच्या मागे बिनकेसाच्या जागी लावायची, निघायच्या किमान चार तास आधी, आणि एक पट्टी तीन दिवस काम करते. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळेल असं समजू नका, अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ताईने वापरली होती, तिला फरक खूप पडला पण तोंड कोरडं पडलं. महत्त्वाचं म्हणजे पट्टी लावल्यावर साबणाने हात धुवायचे, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि एका डोळ्याने धूसर दिसायला लागतं, लोक घाबरून जातात. काचबिंदूवाल्यांनी आणि लहान मुलांना अजिबात नाही, वयस्कर माणसांना हिने कधीकधी भ्रम झाल्यासारखं होतं म्हणून त्यांनीही डॉक्टरांशी बोलूनच.

आलं, लिंबू, आवळा सुपारी याने थांबतं का?

आल्याने काही लोकांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही, अभ्यासांचे निकालही दोन्ही बाजूंनी आलेत. पण त्रास काही नाही, त्यामुळे आलेपाकाच्या वड्या मी नेतेच, दर दोन-तीन तासांनी एक चघळायची. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आल्याचा अतिरेक नको.

लिंबाचं म्हणाल तर आईची आई लहानपणी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायची, डेकवर पथारी पसरून, आणि पदराच्या गाठीत एक लिंबू बांधलेलं, नखाने साल खरवडायची आणि हुंगत राहायची. डिझेलचा, मासळीचा, दुसऱ्याच्या उलटीचा वास नाकात जाऊ नये यासाठी ते होतं असं मला वाटतं, आणि तेवढ्यासाठी आजही ते उत्तमच आहे, कारण वासाने मळमळ खरंच वाढते. त्याच कारणासाठी केबिनमध्ये अगरबत्ती, उग्र अत्तर, बाम हे नको. आवळा सुपारी, कोकम सरबत, लिमलेटची गोळी, जे आवडेल ते ठेवा. पण लाटा मोठ्या असतील तर यांच्याबरोबर गोळी हवीच.

मनगटाला बांधायचा पट्टाही मिळतो, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये त्याचं बटण दाबून बसतं. काहींना गुण येतो, पुरावा पक्का नाही. गरोदर बायका आणि ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांनी करून बघायला हरकत नाही.

काय खायचं? उपाशी राहिलेलं बरं ना?

नाही! रिकामं पोट आणि वर चहा हे सगळ्यात वाईट. आणि दुसऱ्या टोकाला पहिल्याच रात्री बुफेवर तुटून पडणं, तेही तितकंच वाईट, पैसे वसूल करायच्या नादात लोक पनीर, बिर्याणी, तीन प्रकारचं गोड असं सगळं घेतात आणि अकरा वाजता कठड्याला टेकलेले असतात. थोडं थोडं, कोरडं, कमी तेलाचं खा. साधा भात, दही-भात, टोस्ट, खाकरा, कुरमुरे, केळं, सफरचंद. जहाजावर हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं मागितली की देतात, त्यांच्याकडे हा जुनाच रिवाज आहे. घरून मेतकूट न्या छोट्या डबीत, गरम भात तिथे मिळतो, मेतकूट-भातासारखं त्या वेळी पोटाला दुसरं काही मानवत नाही.

उपवास असेल, संकष्टी वगैरे, तर पहिल्या दिवशी तरी तो कडक करू नका, राजगिऱ्याचा लाडू, केळं, ताक असं काहीतरी पोटात राहू द्या. तेलकट साबुदाणा खिचडी नको. पाणी घोट घोट सतत.

गोळी घेऊनही लागलीच तर काय करायचं?

पहिली जांभई, पहिला गार घाम, तिथेच उठा. "बघू थोडा वेळ" म्हणत बसू नका.

दिवस असेल तर मोकळ्या डेकवर जा, जहाजाच्या मधल्या भागात, वारा तोंडावर घ्या आणि लांब, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेषेवर नजर ठेवा. जवळच्या लाटांकडे नाही, फेसाकडे नाही, त्या रेषेकडे. डोळ्यांना हलणं दिसलं की कानाचं म्हणणं त्यांना पटतं. मोबाईल, पुस्तक, पत्ते, मेंदी काढणं हे सगळं बंद. उलटी आली तर पिशवीत करा, कठड्यावरून वाकायचं नाही, गरगरत असताना तोल जाऊ शकतो, आणि रात्री एकट्याने डेकवर जाऊ नका.

रात्री क्षितिज दिसत नाही, तेव्हा पाठीवर सरळ झोपा, डोकं दोन उशांच्या मध्ये असं ठेवा की ते हलणार नाही, आणि डोळे मिटून घ्या. हळू आणि मोठा श्वास. आईला त्या रात्री शेवटी मेडिकल सेंटरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात ती शांत झोपली ती सकाळी सातलाच उठली. मग डेकवर खुर्ची टाकून बसवलं, एक हात धरून, आणि स्वयंपाकघरातून मागून आणलेली भाताची पेज मीठ घालून चमच्या-चमच्याने दिली. दुपारी तिने स्वतःहून आमटी-भात मागितला तेव्हा मला हायसं झालं.

उलटीनंतर लगेच ग्लासभर पाणी पिऊ नका, परत बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग ओआरएस घोट घोट. पाकीट नसेल तर एक लिटर प्यायच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, नीट मोजून.

जहाजावरच्या डॉक्टरांकडे कधी जायचं?

पोटात पाणीसुद्धा टिकत नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल, उलटीत रक्त असेल, छातीत दुखत असेल, जीभ अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय जड वाटत असेल तर लगेच. शेवटच्या तीन गोष्टींना बोट लागली असं समजून झोपून राहू नका, विशेषतः वयस्कर माणसांत. शुगरवाल्यांनी इन्सुलिन घेऊन झालंय आणि जेवण उलटून पडलंय असं असेल तर ताबडतोब शुगर तपासा आणि कळवा. बीपीची किंवा हृदयाची गोळी उलटीतून पडली तर मनाने दुसरी घेऊ नका, विचारा.

ताप किंवा जुलाब असतील तर ती बोट लागणं नसून पोटाचा संसर्ग असू शकतो आणि जहाजावर तो भराभर पसरतो. लपवू नका, कळवा, आणि हात साबण-पाण्याने धुवा, असा संसर्ग करणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.

मेडिकल सेंटरचं बिल वेगळं लागतं, तिकिटात नसतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा आणि पावती जपून ठेवा.

लहान मुलांचं काय?

दोन ते बारा वर्षांची मुलं सगळ्यात जास्त बेजार होतात. टॅब आणि मोबाईल पहिल्या दिवशी पूर्ण बंद, डेकवर पळू द्या, लांबची जहाजं मोजायला लावा. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसते, त्यावरच्या मुलांनाही वजनानुसार डोस बालरोगतज्ज्ञच ठरवतील, मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका. मूल अचानक गप्प झालं, खेळायचं थांबलं, की तीच सुरुवात समजा, त्यांना "मळमळतंय" हे सांगता येत नाही, पोट दुखतंय असंच म्हणतात.

गरोदर असताना?

बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांच्या पुढे घेत नाहीत, डॉक्टरांचं पत्रही मागतात. आधीच सकाळच्या उलट्या चालू असतील तर माझं प्रामाणिक मत, आत्ता नको. जायचंच असेल तर गोळी फक्त तुमच्या गायनॅककडून.

लक्षद्वीपला छोट्या बोटीत उतरावं लागतं, तिथे जास्त लागते का?

हो, आणि हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटीतून बेटावर नेतात, कोकणच्या जुन्या बोटीतून पडावात उतरायचे तसंच. जे जहाजावर तीन दिवस ठणठणीत असतात ते या अर्ध्या तासात आडवे होतात. त्या दिवशी सकाळी गोळी घ्या, नाश्ता हलका करा, बोटीत मध्ये किंवा जरा मागे बसा, पण इंजिनाचा धूर नाकात येणार नाही अशा बाजूला. प्रवाळाच्या कड्याच्या आत शिरलं की पाणी एकदम शांत आणि हिरवंनिळं होतं, तेवढा बाहेरचा पट्टा काढायचा. वयस्कर माणसांना उतरताना गुंगी असेल तर खलाशाचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकू देऊ नका.

मुलांकडे अमेरिकेला गेलोय, तिथून क्रूझ करायची आहे. तिथे काय मिळतं?

तिथे सिनॅरिझिन मिळत नाही, सवयीची असेल तर चिठ्ठीसकट इथूनच न्या. तिथे मेक्लिझिन आणि डायमेनहायड्रिनेट चिठ्ठीशिवाय मिळतात. अलास्काला बेटांच्या आडून जाणारा मार्ग शांत असतो, आम्हाला तिथे काहीही झालं नाही, उघड्या आखाताचा भाग आला तेव्हाच जरा डोललं. कॅरिबियनला जाणार असाल तर १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो, तारखा बघून ठरवा.

सवय होते का हळूहळू?

होते, बहुतेकांना दोन-तीन दिवसांत. मेंदू नवीन हेलकाव्याशी जुळवून घेतो. अडचण एवढीच की मुंबई-गोवा क्रूझ तेवढ्यात संपते, म्हणून छोट्या क्रूझला उलट जास्त तयारी लागते.

घरी आल्यावरही जमीन हलल्यासारखी वाटते, हे काय?

मेंदूने बोटीशी जुळवून घेतलेलं असतं, ते सुटायला वेळ लागतो. आंघोळ करताना डोळे मिटले की जास्त जाणवतं, बाबा तर दोन दिवस भिंतीला हात लावून आंघोळ करत होते. साधारण एक-दोन दिवसांत जातं, चालत-फिरत राहिलात तर लवकर. तोपर्यंत, आणि गोळीची गुंगी असेपर्यंत, स्कूटर किंवा गाडी चालवू नका, उतरल्या उतरल्या स्वतः गाडी चालवत पुण्याला निघायचा बेत असेल तर तो बदला आणि ड्रायव्हर सांगून ठेवा. काही जणांना मात्र हे डोलणं आठवडेच्या आठवडे राहतं, महिनाभरात गेलं नाही तर कान-नाक-घशाच्या किंवा न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना दाखवा आणि आपण बोटीने जाऊन आलो होतो हे त्यांना आठवणीने सांगा, नाहीतर भलत्याच तपासण्या सुरू होतात.